हृदय एका डॉक्टरांकडे, किडनी दुसऱ्यांकडे: उपचारांची एकच टीम कशी जमवायची

पायांवर सूज आली, आडवं झाल्यावर धाप लागायला लागली, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी लघवी वाढवणारी गोळी दुप्पट केली. सूज उतरली, झोप लागू लागली. तीन आठवड्यांनी किडनीच्या डॉक्टरांकडे नंबर होता. त्यांनी क्रिएटिनीन पाहिलं (रक्तातला कचरा, जो किडनी बाहेर टाकते; किडनीचं काम घटलं की तो चढतो), ते १.६ वरून २.१ वर गेलं होतं. त्यांनी तीच गोळी निम्मी केली. महिन्याभरात सूज परत आली. पेशंट पुन्हा पहिल्या डॉक्टरांच्या दारात, फाइल आणखी जाड.

असं अनेक घरांत घडतं आणि त्यात चूक कुणाचीच नसते. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या समोरचा आकडा पाहून योग्य तोच निर्णय घेतलेला असतो. या माणसाचं वजन किती असलं म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नाही, आणि ते वजन राखताना क्रिएटिनीन कुठपर्यंत चढलेलं चालेल, हे मात्र दोघांनी मिळून कधी ठरवलेलंच नसतं. टीम म्हटलं की मोठं हॉस्पिटल आणि एका टेबलाभोवती बसलेले सात तज्ज्ञ डोळ्यांसमोर येतात. तशी सोय असेल तर उत्तमच. माझं मत विचाराल तर कोणता आकडा कुणी सांभाळायचा आणि तो बिघडला तर कुणी कुणाला फोन करायचा, एवढं ठरलं की टीम झाली. दोन डॉक्टर आणि घरातलं एक जबाबदार माणूस एवढ्यांतही ती उभी राहते.

दोघांचं दुखणं एकमेकांत का गुंततं

आपण शांत बसलेले असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. मुठीएवढ्या या दोन अवयवांत दिवसभरात जवळपास १८० लिटर द्रव गाळला जातो आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतला जातो.

हृदयाचं पंपिंग कमी झालं की किडनीकडे रक्त कमी पोचतं. शरीरात पाणीच कमी पडलंय असा किडनीचा समज होतो. ती मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरकं वाढतात, आणि आधीच थकलेल्या हृदयावर आणखी भार पडतो. दुसरीकडे, परतीच्या शिरांत रक्त तुंबलं की तो दाब उलटा किडनीवर येतो. म्हणूनच काही पेशंटमध्ये लघवीची गोळी वाढवल्यावर क्रिएटिनीन चढण्याऐवजी उतरतं. नुसता आकडा बघून गोळी कमी करणं अशा वेळी अंगलट येतं.

उलट दिशेनंही तेच. किडनी कमजोर झाली की रक्तदाब चढतो, हिमोग्लोबिन घटतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचू लागतं. किडनीचा जुनाट आजार असलेल्या बहुतेक लोकांना डायलिसिसची वेळ येण्यापेक्षा हृदयविकाराने जाण्याचा धोका जास्त असतो. ही गोष्ट पेशंटना क्वचितच कुणी स्पष्ट सांगतं. हृदय आणि किडनी या दोन्हींच्या दुखण्याच्या मुळाशी बरेचदा मधुमेह आणि लठ्ठपणा असतात. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय, किडनी आणि चयापचय यांचा मिळून एकच आजार मानला आणि त्याचे ० ते ४ असे टप्पे पाडले, ते याच कारणाने.

पायरी १: आधी आपले आकडे गोळा करा

टीम जमवण्याआधी टीमसमोर काय ठेवायचं ते हातात हवं. फाइल उघडा आणि गेल्या दोन वर्षांतले हे आकडे तारखेसकट एका रांगेत लिहून काढा: क्रिएटिनीन, ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज), पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवीतला एसीआर (अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून किती जातं), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल). टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेल तर हृदयाच्या पंपिंगची टक्केवारीही घ्या. सुटा रिपोर्ट फार थोडं सांगतो. रांगेत मांडले की उतार दिसतो.

नुसत्या क्रिएटिनीनवर विसंबू नका. ते स्नायूंमधून येतं, त्यामुळे बारीक चणीच्या वयस्कर बाईंचं क्रिएटिनीन "नॉर्मल" दिसत असतानाच किडनीचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं. ईजीएफआर वय आणि लिंग धरून काढतात, म्हणून तो अधिक उपयोगी. ९० च्या वर पहिला टप्पा, ६० ते ८९ दुसरा, ३० ते ५९ तिसरा (४५ वर त्याचे दोन भाग पडतात), १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. पहिल्या दोन टप्प्यांत लघवीतून प्रथिनं जाण्यासारखी आणखी काही खूण असल्याशिवाय आजार म्हणत नाहीत. बिघाड किमान ३ महिने टिकला तरच त्याला जुनाट आजार म्हणायचं, त्यामुळे एका खराब रिपोर्टवर घाबरून जाऊ नका आणि एका चांगल्या रिपोर्टवर निश्चिंतही होऊ नका.

सगळ्यांत जास्त राहून जाणारी तपासणी म्हणजे लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो, म्हणजेच एसीआर. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर जास्त (मिलिग्रॅम दर ग्रॅम या हिशेबाने). हा वाढला की किडनीबरोबर हृदयाचाही धोका वाढतो, ईजीएफआर अजून चांगला असला तरीही. "युरीन रुटीन केलंय की" असं उत्तर मिळालं तर नम्रपणे सांगा की एसीआर वेगळा लिहून द्या. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला असेल तर तपासणी पुढे ढकला.

पायरी २: माणसं आणि त्यांची कामं

टीममध्ये कोण कोण हवं याच्या लांबलचक याद्या मिळतात. मी उलटीकडून सुरुवात करायला सांगेन: कामं लिहा, मग प्रत्येक कामासमोर एक नाव.

पहिलं काम समन्वयाचं. सगळे कागद एका जागी पाहणारा एक डॉक्टर हवा. बहुतेकदा हे फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन असतात, आणि असावेतही. आजार पुढे गेला असेल तर ज्या अवयवाचा त्रास सध्या जास्त, त्याच्या तज्ज्ञांकडे सूत्रं द्यावीत. त्यांना थेट विचारा, "डॉक्टर, औषधांत बदल झाला की अंतिम यादी तुम्ही ठरवाल का?" हो म्हणाले तर त्यांचं नाव इतर दोघांनाही कळवा. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो खरा, पण तो न विचारल्यामुळे होणारा घोळ त्याहून फार महाग पडतो.

हृदयरोगतज्ज्ञ आणि किडनीतज्ज्ञ यांची कामं उघड आहेत. किडनीतज्ज्ञांकडे कधी जायचं यात मात्र उशीर होतो. ईजीएफआर ३० च्या खाली, एसीआर ३०० च्या वर, वर्षभरात ईजीएफआर झपाट्याने घसरणं, पोटॅशियम वारंवार चढणं किंवा तीन-चार औषधांनंतरही रक्तदाब न उतरणं, यातलं एक जरी असेल तरी वाट पाहू नका.

फार्मासिस्टला आपण काउंटरपलीकडचा माणूस समजतो. औषधांची टक्कर पकडण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या केशकर्तनालयांत फार्मासिस्टनी जाऊन गिऱ्हाइकांचा रक्तदाब मोजला आणि डॉक्टरांशी ठरवून औषधं बदलली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला. ज्या गटाला फक्त सल्ला आणि डॉक्टरकडे जा एवढं सांगितलं होतं, त्यांचा ९ च्या आसपास. पाठपुरावा करून औषधं जुळवणारं माणूस जवळ असलं की असा फरक पडतो.

आहारतज्ज्ञ आणि नर्स यांचं मोल सांगायला डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. टाइप २ मधुमेह आणि लघवीतून अल्ब्युमिन जात असलेले १६० जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांसाठी डॉक्टर, नर्स आणि आहारतज्ज्ञ यांच्या टीमने साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि सिगारेट सगळ्यांकडे एकदम लक्ष दिलं. जवळपास आठ वर्षांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका निम्म्यावर आला. सुरुवातीपासून २१ वर्षांनी पाहिलं तर टीमच्या गटातली माणसं मध्यमानाने ७.९ वर्षं जास्त जगली होती. यात कुठलीही जादूची गोळी नव्हती.

आणि घरातलं माणूस. प्रत्येक भेटीला हजर असणारं तेवढं एकच असतं. मुलगा, सून, बायको, शेजारी, कुणीही चालेल, पण एकच ठरवा. आज एक, उद्या दुसरा असं झालं की "मागच्या वेळी काय म्हणाले होते?" याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

पायरी ३: एक कागद

या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. फाइलच्या सगळ्यांत वर एक पान लावा आणि प्रत्येक डॉक्टरांपुढे आधी तेच ठेवा. नमुना असा:

कोरडं वजन: ६८ किलो (सकाळी, लघवीनंतर, खाण्याआधी, घरचाच काटा)
रक्तदाब: घरी १३०/८० च्या खाली. वरचा आकडा १०० च्या खाली किंवा उभं राहताना चक्कर आली तर फोन.
क्रिएटिनीन: नेहमीचं १.६. २.१ पर्यंत दोन्ही डॉक्टरांना मान्य. त्यापुढे किडनीतज्ज्ञांना फोन.
पोटॅशियम: ५.५ च्या वर त्याच दिवशी फोन. ६ च्या वर थेट हॉस्पिटल.
एसीआर: ४२०. पुढची तपासणी ६ महिन्यांनी.
पंपिंग: ३५ टक्के.
औषधांची अंतिम यादी: फिजिशियन.

यातले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे तुमच्या डॉक्टरांकडूनच भरून घ्या. कोरडं वजन म्हणजे सूज नाही, धाप नाही आणि चक्करही नाही अशा स्थितीतलं वजन. ही ओळ भरायला गेलात की डॉक्टरांमधला मतभेद आपोआप बाहेर येतो. तो बाहेर यावा म्हणूनच तर कागद.

रक्तदाबाच्या ओळीवरही मतभेद निघेल. किडनीच्या आजारासाठी केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२१ ची शिफारस वरचा आकडा १२० च्या खाली ठेवण्याची आहे, तोही शांत बसवून, नेमक्या पद्धतीने मोजलेला आणि पेशंटला झेपत असेल तरच. हृदयाकडचे बरेच डॉक्टर १३०/८० धरतात. पडण्याची भीती असलेल्या ८० वर्षांच्या व्यक्तीसाठी दोघेही कदाचित वेगळा आकडा सांगतील. कोणता बरोबर यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी एक आकडा लिहून मिळाला पाहिजे.

मागच्या बाजूला औषधं. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी: नाव, डोस, कशासाठी, कुणी सुरू केलं, कधी. "कुणी सुरू केलं" हा रकाना लोक गाळतात आणि नंतर ती गोळी बंद करायची हिंमत कुणी करत नाही. मलम, झोपेची गोळी, झाडपाल्याची पावडर, प्रोटीनचा डबा, दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, सगळं लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेलं औषधच बहुतेक वेळा घात करतं.

पायरी ४: घरचं मोजमाप

रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, डॉक्टरांच्या भेटीआधीचे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. पट्टा शर्टावर बांधू नका; दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, छोट्या पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. आवडला नाही म्हणून आकडा खोडून पुन्हा मोजायची सवय अनेकांना असते. ती सोडा.

वजन रोज, एकाच वेळी. हृदयाची कार्यक्षमता कमी झालेल्यांत एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वाढ ही चरबी नसते, पाणी असतं. धाप लागण्याच्या कितीतरी दिवस आधी काटा हे सांगून टाकतो. उलट वजन कोरड्या वजनापेक्षा दोन किलो खाली गेलं आणि तोंड सुकतंय, उठताना गरगरतंय, तर लघवीच्या गोळीचा डोस जास्त होत असेल. दोन्ही वेळा फोन कुणाला, ते कागदावर हवं.

पायरी ५: वादात सापडणारी औषधं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्यांत जास्त गोळ्या याच टप्प्यावर विनाकारण बंद होतात.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधं किडनीतल्या गाळणीवरचा दाब कमी करतात. दाब कमी झाला की सुरुवातीला गाळणं थोडं घटतं आणि क्रिएटिनीन थोडं चढतं. हे औषध काम करतंय याचंच लक्षण आहे. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम तपासायचं. पहिल्या ४ आठवड्यांत क्रिएटिनीनची वाढ ३० टक्क्यांपर्यंत असेल तर औषध चालू ठेवायचं, असा केडिगोचा सल्ला आहे. त्यापुढे गेलं तर कारण शोधायचं: पाणी कमी पडलंय का, दुखण्याची गोळी घेतली का, किडनीची धमनी अरुंद आहे का. १.६ चं १.९ झालं म्हणून घाबरून बंद केलेली गोळी हृदय आणि किडनी दोघांचंही संरक्षण काढून घेते.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची औषधं. २०१९ मधल्या डापा-एचएफ आणि २०२० मधल्या डापा-सीकेडी या अभ्यासांनी मधुमेह नसलेल्यांनाही त्यांचा फायदा दाखवला, म्हणून "मला तर शुगर नाही, ही गोळी का?" हा प्रश्न आता जुना झाला. साधारणपणे ईजीएफआर २० पर्यंत ही सुरू करता येतात. यांच्यातही सुरुवातीला ईजीएफआर थोडा उतरतो आणि मग घसरणीचा वेग मंदावतो. गुप्तांगाची स्वच्छता राखा, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. मोठ्या शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी ही थांबवावी लागतात, कारण साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना हे आपणहून सांगा.

स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, फिनेरेनोन यांचा प्रश्न पोटॅशियमचा, यांनी ते रक्तात चढू शकतं. सुरू केल्यावर ते ठरल्याप्रमाणे तपासलं गेलंच पाहिजे. कोणत्या तारखेला, ते प्रिस्क्रिप्शनवरच लिहून घ्या. पोटॅशियम अचानक चढलेलं दिसलं आणि पेशंट ठणठणीत असेल तर रक्त काढताना पट्टा फार आवळला होता का, मूठ पुन्हा पुन्हा उघडझाप केली का, नमुना लॅबमध्ये पोचायला उशीर झाला का, हेही विचारतात. रक्तपेशी फुटल्या की आकडा खोटा चढतो. पण त्याची शहानिशा त्याच दिवशी दुसऱ्या नमुन्याने व्हायला हवी, पुढच्या आठवड्यात नव्हे.

आता खलनायक. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, म्हणजे गुडघ्यासाठी, पाठीसाठी, दातासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्या. रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन गटातली गोळी, लघवीची गोळी आणि ही, अशी तिन्ही एकत्र आली की किडनी अचानक बसू शकते. पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित. मात्र पाण्यात विरघळणाऱ्या फेसाळ गोळ्या टाळा, त्यातल्या काहींमध्ये एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. लघवीच्या संसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल लिहून दिलं तर "मी टेल्मिसार्टन घेतो, किडनीचा त्रास आहे" असं आवर्जून सांगा. या जोडीने पोटॅशियम धोकादायक चढू शकतं. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली बंद करतात, ४५ च्या खाली डोस कमी करतात. डिगॉक्सिन, रक्त पातळ करणारी काही औषधं आणि गॅबापेन्टिन यांचे डोसही किडनीप्रमाणे बदलतात. यादी घेऊन फार्मासिस्टकडे जायचं ते यासाठी.

पायरी ६: आजारपणाच्या दिवसांचा बेत आधीच लिहून घ्या

उलट्या, जुलाब, खूप ताप, खाणं-पिणं बंद. अशा दिवसांत शरीर कोरडं पडतं आणि नेहमी किडनी राखणारी औषधंच तिला त्रास देऊ शकतात. लघवीची गोळी, रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन गट, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन गट यांपैकी कोणत्या तात्पुरत्या थांबवायच्या, किती दिवस आणि पुन्हा केव्हा सुरू करायच्या, हे तब्येत चांगली असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. सरसकट नियम पाळू नका. पंपिंग फार कमी असलेल्या माणसाने लघवीची गोळी तीन दिवस सोडली तर त्याला हॉस्पिटल गाठावं लागू शकतं. आणि "पुन्हा केव्हा" हा भाग विसरू नका. जुलाबात थांबवलेल्या गोळ्या सहा-सहा महिने तशाच बंद राहिलेल्या फायली मी पाहिल्या आहेत.

पायरी ७: मीठ, पाणी, आणि परस्परविरोधी सल्ले

मिठावर बहुतेक सगळे एकमताचे: दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, सगळ्या पदार्थांतलं मिळून. जेवताना वरून घेतलेल्या मिठापेक्षा पाकिटबंद आणि टिकाऊ पदार्थांतलं लक्षात येत नाही. "लो सोडियम" मिठात सोडियमच्या जागी बरेचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. निरोगी माणसाला ते उपकारक, पण किडनीचा आजार आणि वर सांगितलेल्या गोळ्या असतील तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

पाण्याचं मात्र त्रांगडं आहे. एक जण म्हणतो किडनी साफ राहायला भरपूर प्या, दुसरा म्हणतो हृदयासाठी कमी प्या. मुतखडा असलेल्याला दिलेला सल्ला सूज असलेल्याने पाळायचा नसतो. ज्यांना सूज नाही, रक्तातलं सोडियम ठीक आहे, त्यांना तहानेप्रमाणे पुरतं. मर्यादा हवीच असेल तर ती मिलिलिटरमध्ये कागदावर लिहून घ्या. "जरा कमी प्या" याला काही अर्थ नाही.

फळं-भाज्या पोटॅशियमच्या भीतीने सरसकट बंद करू नका. पोटॅशियम खरोखर चढत असेल तरच, आणि तेही आहारतज्ज्ञांकडून ठरवून. प्रथिनांसाठी डायलिसिसवर नसलेल्या, तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या प्रौढांना किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम सांगतात. अशक्त, वजन घटत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र पथ्यापेक्षा पोटभर खाणं महत्त्वाचं.

पायरी ८: भेटींचं गणित

रक्ततपासणी भेटीच्या तीन-चार दिवस आधी करा, म्हणजे निर्णय रिपोर्ट समोर ठेवून होतो. जमलं तर दोन्ही तज्ज्ञांच्या भेटी एकाच आठवड्यात घ्या आणि एकच तपासणी दोघांना दाखवा. निघताना तीन प्रश्न: आज काय बदललं? पुढची रक्ततपासणी कोणत्या तारखेला? हा बदल दुसऱ्या डॉक्टरांना कोण कळवणार? तिसऱ्याचं उत्तर "तुम्हीच सांगा" असं आलं तर प्रिस्क्रिप्शनवर एक ओळ लिहून मागा. तोंडी निरोपात डोस हमखास बदलतो.

हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. डिस्चार्ज कार्डवरची औषधं आणि घरातला डबा समोरासमोर ठेवा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेतलं जाणं अगदी नेहमीचं आहे. पहिली भेट आठवड्याभरात ठरवा. २०२२ मधल्या स्ट्राँग-एचएफ अभ्यासात डिस्चार्जनंतर १, २, ३ आणि ६ आठवड्यांनी तपासून औषधं पटापट पूर्ण डोसपर्यंत नेली होती. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हृदयाच्या दुखण्याने पुन्हा भरती होण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांतल्या २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं.

पुढचे त्रास भेटीची वाट पाहणारे नाहीत: छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, बेशुद्ध पडणं, लघवी जवळपास बंद होणं, स्नायूंत अचानक बळ न राहणं, नाडी फार मंद किंवा अनियमित होणं. तेव्हा फोनाफोनी करत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा, जाताना वरचं पान बरोबर घ्या.

पायरी ९: पुढचं बोलणं वेळेवर

वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर घातले की किडनी पुढच्या दोन किंवा पाच वर्षांत निकामी होण्याचा अंदाज देणारं एक सूत्र आहे. केडिगोच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे दोन वर्षांतला धोका १० टक्क्यांवर गेला की पूर्ण टीमकडून उपचार सुरू व्हावेत आणि ४० टक्क्यांवर गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची तयारी. "माझा आकडा किती?" असं किडनीतज्ज्ञांना विचारा. डायलिसिस सुरू होण्याआधीच प्रत्यारोपण करता येतं, पण त्यासाठी दात्याच्या आणि पेशंटच्या तपासण्या महिनोन्महिने आधी सुरू व्हाव्या लागतात. हृदय त्या शस्त्रक्रियेला तयार आहे का, हे सांगणं हृदयरोगतज्ज्ञांचं काम, म्हणून तेही या बोलण्यात हवेत. फार वय आणि फार कमजोर हृदय असेल तर डायलिसिस न करता त्रास कमी ठेवत जगणं हाही एक विचारपूर्वक पर्याय आहे. तो सुचवणाऱ्या डॉक्टरांनी हात टेकले असं समजू नका.

आणि चौथ्या टप्प्यापासूनच एक साधी गोष्ट पाळायला लागा: हाताच्या शिरा राखा. डायलिसिससाठी पुढे हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करावा लागतो, शक्यतो ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हातात. त्या हाताच्या कोपरात आणि मनगटाजवळ सुया टोचून शिरा खराब झाल्या तर नंतर पंचाईत होते. लॅबमध्ये हात पुढे करतानाच सांगा, "या हाताला नको, दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागून घ्या." हृदयासाठी भरती झालात तर सलाइन लावणाऱ्या नर्सलाही हेच सांगायचं, आणि दंडातून आत जाणारी लांब नळी घालायची वेळ आली तर आधी किडनीतज्ज्ञांना विचारायला सांगायचं.